उरलेला सीझन

खोली बघायला गेले तेव्हा गच्चीवरच्या दोरीवर एका ओळीत लाल जर्सी वाळत होत्या. पाठीवर आकडे. मला वाटलं हे मुलांचं वसतिगृह आहे, पत्ता चुकला. मी जिन्यातूनच परत फिरले, तर वरून आवाज आला, "खोलीसाठी आलीस ना? मग पळतेस कुठे? वर ये, हे धर."

वर गेले, तर एक ओली जर्सी माझ्या हातात आली. दुसरं टोक धरून बाईंनी ती अशी पिळली की माझीच मनगटं दुखली.

मी मूळची नामपूरची. देवळाली कॅम्पातल्या एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्टची नोकरी लागली म्हणून आले होते. घरमालकीणबाई सत्तरीच्या आतबाहेरच्या. अंगकाठी वाळलेली, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, केसांचा घट्ट अंबाडा. एका प्रसूतिगृहात त्यांनी सगळी नोकरी केली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी अख्खा कॅम्प त्यांना सिस्टरच म्हणायचा. लग्न केलेलं नव्हतं. पाणी कधी येतं, गेट कधी लागतं हे दोन वाक्यांत उरकून त्यांनी खरी अट सांगितली.

"रविवारी दुपारी मोकळं राहायचं. सामना असतो."

"कुणाचा?"

"आपला."

आपला म्हणजे भारताचा, असं मी समजले आणि हो म्हणाले.

आपला म्हणजे कॅम्पातल्या फुटबॉल क्लबचा. जिल्ह्याच्या लीगमध्ये पहिल्या गटात खेळणारा, आणि मी राहायला आले त्या वर्षी त्या गटात अगदी तळाला असलेला. मैदान बाजाराच्या मागे, एका जुन्या ट्रस्टच्या जागेवर. एका बाजूला गवत, दुसऱ्या बाजूला नुसती माती. वारा सुटला की गोलकीपर दिसेनासा व्हायचा. बघायला येणारे म्हणजे खेळाडूंचे दोन-चार मित्र, सायकल टेकवून उभे राहिलेले एखादे निवृत्त हवालदार आणि सिस्टर. त्या वर्षापासून मीही.

सिस्टर ओरडत नसत. हे मला पहिल्याच रविवारी जाणवलं. वॉर्डात अडलेल्या बाळंतिणीशी बोलतात तसं, हलक्या पण हुकमी आवाजात त्या बोलत राहायच्या. बॉल समोरच्या गोलकडे जायला लागला की म्हणायच्या, "सरकतंय, सरकतंय. घाई नाही करायची." बॉल बाहेर गेला की, "नाही अजून. दम घ्या जरा." शेजारच्या हवालदारांना पहिल्यांदा हे काय चाललंय ते कळेना. कळलं तेव्हा ते लाजून सायकल घेऊन पलीकडच्या बाजूला गेले.

संघातल्या निम्म्या पोरांचा जन्म सिस्टरांच्या हातून झालेला. त्याचा त्यांना फार उपयोग व्हायचा. आमच्या गोलकीपरला सगळे झेंडू म्हणायचे. भगूरकडे त्याच्या घरची फुलशेती. पहाटे झेंडू आणि शेवंतीचे क्रेट टेम्पोत भरून तो नाशिकच्या फूलबाजारात जायचा, आणि दुपारी हातांना तोच वास घेऊन गोलमध्ये उभा राहायचा. एकदा त्याच्या हातून सोपा बॉल निसटला आणि गोल झाला. मध्यंतरात सिस्टर त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"जन्मलास तेव्हा तुझी मूठ उघडता उघडत नव्हती. तुझी आजी घाबरली होती. आणि आता बॉल सुटतो?"

"ऊन डोळ्यावर आलं, सिस्टर."

"तेव्हाही दिवा डोळ्यावरच होता."

मग त्याच्या ओंजळीत त्यांनी उकडलेल्या शेंगा ओतल्या. शेंगा प्रत्येक सामन्याला असायच्याच. समोरच्या संघालाही मिळायच्या, पण आपल्या मुलांचं झाल्यावर.

कॅम्पात परदेशी क्लबांच्या जर्सी घालून फिरणारी बरीच तरुण मंडळी होती. आमच्या दुकानात कामाला असलेला एक जण त्यातलाच. त्याने एकदा सिस्टरांना विचारलं, तुम्ही कुठल्या क्लबच्या? सिस्टरांनी त्याच्या छातीवरच्या चिन्हाकडे नीट बघितलं.

"यांच्या गोलकीपरच्या आईचं नाव काय?"

"ते कसं माहीत असणार?"

"मग तू यांचा कसा?" असं म्हणून त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या आणि निघून गेल्या. पुढच्या रविवारी तो मैदानावर दिसला. जर्सी तीच होती, पण शर्टाच्या आत.

'हरलो' हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. "या वेळी त्यांनी जास्त घातले" असं म्हणायच्या. त्या हंगामात हे वाक्य आम्ही फार ऐकलं. मी आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "तुनी घरमालकीन येडी शे का काय?" मलाही अधूनमधून तसंच वाटायचं. लष्कराच्या फायरिंग रेंजवर तोफा सुरू झाल्या की आमच्या खिडक्यांची तावदानं हलायची, तेव्हा सिस्टर मानही वर करत नसत. पण गल्लीपलीकडे सराव चालू असेल आणि शिट्टी वाजली, तर हातातलं पातेलं खाली ठेवून गॅलरीत यायच्या.

एका रविवारी घरी परतताना मी त्यांना विचारलं, हे वेड लागलं कसं. आम्ही नुकतेच फार वाईट, म्हणजे समोरच्यांनी फारच जास्त घातलेले पाहून आलो होतो. सिस्टर बूट काढत होत्या.

"मी नवीन होते," त्या म्हणाल्या. "एक बाई आमच्याकडे वाचली नाही. बाळ राहिलं, ती गेली. माझी पहिलीच. ड्युटी संपली, पण खोलीवर जाववेना. चालत चालत या मैदानाशी आले. पोरं खेळत होती. एक संघ इतका मागे होता की काही अर्थच नव्हता. आणि तरी त्यांच्यातला एक जण बॉल बाहेर गेला की पळत जाऊन आणायचा. पळत. मला राग आला त्याचा. म्हटलं, याला कळत नाही का? मग शिट्टी होईपर्यंत त्याच्याकडेच बघत बसले."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेले."

यापलीकडे त्या विषयावर त्या कधी बोलल्या नाहीत.

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला तशी मैदानावरची माणसं कमी व्हायला लागली. आमची काही पोरं निफाडकडच्या पॅकहाउसमध्ये कामाला होती. माल निघायला लागला की त्यांना रविवार-सोमवार काही राहत नसे. सरावाला कधी निम्मे यायचे, कधी त्याहून कमी. तेव्हा अध्यक्षांनी क्लबच्या खोलीत बैठक बोलावली.

अध्यक्षांचा लग्नाच्या लॉन्सचा व्यवसाय होता. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. किती तरी वर्षं क्लब त्यांच्याच जोरावर चालला होता. खेळाडूंना गावोगाव घेऊन जाणारी गाडी त्यांची, बॉल त्यांचे. पण ते थकले होते, आणि ते लपवण्यासाठी शांत आवाजात हिशोबी बोलत होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आपण तळाला आहोत. शेवटचा संघ दुसऱ्या गटात उतरतो आणि तो आपणच असणार. खेळाडू मिळत नाहीत. मग आत्ताच लीगला कळवून माघार घ्यावी. पुढचं पुढे बघू.

पुढे काही बघितलं जाणार नाही हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं. मध्येच माघार घेणाऱ्या संघाला पुढच्या वर्षी घेत नसत. एकदा क्लब बंद पडला की ट्रस्ट मैदान कशाला रिकामं ठेवेल?

पोरं खाली बघत होती. झेंडू भिंतीला टेकून उभा होता. त्याच्याकडे अध्यक्षांनी बघितलं तेव्हा तो म्हणाला, "मला रविवारी धंदा सोडून येणं लय अवघड जातं, हे खरं हाय. बाकी तुम्ही ठरवाल ते."

सिस्टर कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या होत्या. सभासद होत्याच, पण बैठकीत कधी बोलत नसत. त्या उठल्या.

"किती सामने उरलेत?"

"सिस्टर, प्रश्न तो नाही," अध्यक्ष म्हणाले. "आता त्यात काही होण्यासारखं राहिलेलं नाही. भावना वेगळी, व्यवहार वेगळा."

"मी लेबर रूममध्ये जन्म काढलाय," सिस्टर म्हणाल्या. "आता काही होत नाही, असं म्हणणारी माणसं नेहमी बाहेर कॉरिडॉरमध्ये असतात. आत असतात त्यांना हे म्हणायला वेळ नसतो. तुम्ही आत आहात का बाहेर, तेवढं सांगा. बाहेर असाल तर बाकावर बसा, चहा मागवा. आतलं आम्ही बघतो."

अध्यक्षांचा चेहरा उतरला. "आणि खेळणार कोण? तुम्ही?"

"सात जण असले तर सामना सुरू होतो. सात मी आणते."

मग झेंडू भिंतीपासून पुढे आला. "सात कशाला," तो म्हणाला. "मला धरून मोजा." एक एक करत बाकीच्यांनी हात वर केले. काहींनी नाही केले, तेही सांगायला हवं. पण माघारीचा विषय तिथे संपला. अध्यक्ष चष्मा पुसत राहिले आणि म्हणाले, "ठीक आहे. गाडी मी देतो. बाकी तुमचं तुम्ही."

त्यानंतरच्या रविवारी सामना शहरात होता, गटातल्या सगळ्यात तगड्या संघाशी. आमची आठच पोरं आली. समोरचे अकरा, नव्या कोऱ्या किटमध्ये. सिस्टर कोण हे न कळून रेफरीने माझ्याकडे बघत विचारलं, खेळायचंय का नक्की? सिस्टर म्हणाल्या, "आम्ही दोन बस बदलून आलोय." तसं खरं नव्हतं, गाडीनेच आलो होतो, पण रेफरीने शिट्टी वाजवली.

तो खेळ बघण्यासारखा नव्हता. आमच्या गोलसमोर नुसती झुंबड. आठ जण एकमेकांना हाका मारत, पडत, उठत होते. झेंडूच्या कोपरातून रक्त यायला लागलं तेव्हा सिस्टरांनी पिशवीतून बँडेज काढलं आणि रेफरीला न विचारता आत गेल्या. कोपर बांधलं, पाठीवर थाप मारली, बाहेर आल्या. उत्तरार्धात समोरचे चिडायला लागले, एकमेकांवर ओरडायला लागले. "थकले," सिस्टर पुटपुटल्या. "आता आपण नाही थकायचं." सामना शून्य-शून्यवर संपला. आठ जण मैदानात जिथे होते तिथेच आडवे झाले.

परतताना गाडीत पोरं गात होती. मीही गात होते. फुटबॉलमधला ऑफसाइड मला तोपर्यंत धड कळलेला नव्हता, पण त्या दिवशी घसा बसला. सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या. नाशिकरोड मागे पडल्यावर म्हणाल्या, "पॅकहाउसवाल्यांना कोण गाठतं? रविवारी अर्धा दिवस सोडा म्हणून मी सांगते त्यांच्या मालकांना." आणि खरोखर त्या निफाडला जाऊन आल्या. तिथे काय बोलल्या ते कोणाला कळलं नाही. पण त्यानंतर पोरं यायला लागली.

आम्ही एक सामना जिंकलो. मग आणखी एक. मध्ये एकदा त्यांनी जास्त घातले. बाजारात लोक थांबवून विचारायला लागले. माझ्या दुकानात खोकल्याचं औषध घ्यायला आलेला माणूस म्हणायचा, "काय म्हणतोय आपला क्लब?" शेवटी सगळं एका रविवारवर येऊन ठेपलं. आम्ही घरच्या मैदानावर जिंकायचं, आणि गटात आमच्या लगेच वर असलेल्या सिन्नरच्या संघाने शहरात त्याच वेळी चालू असलेला त्यांचा सामना जिंकायचा नाही. एवढं झालं की आम्ही पहिल्या गटात राहणार.

त्या रविवारी सकाळी मैदानावर बांबू येऊन पडले.

अध्यक्षांच्या पुतणीची हळद होती. स्वतःचं लॉन्स त्या तारखेला दुसऱ्या लग्नाला दिलेलं, म्हणून संघ माघार घेणार असं धरून त्यांनी मैदान आधीच ठरवून टाकलं होतं, आणि नंतर लीगने सामन्याची तारीख नेमकी तीच दिली. ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. सांगायची कशी, या विचारात दिवस गेले असावेत. मैदान मिळालं नाही तर सामना समोरच्या संघाला बहाल होणार होता.

मी आणि सिस्टर पोचलो तेव्हा मंडपवाले मैदानाच्या मधल्या वर्तुळात खड्डा खणायच्या तयारीत होते. सिस्टरांनी तिथलीच एक प्लॅस्टिकची खुर्ची उचलली, खड्ड्याच्या खुणेवर ठेवली आणि बसल्या. छत्री उघडली. मंडपवाल्यांचा मुकादम समजावू लागला. सिस्टर त्याला म्हणाल्या, "तुझं काम तू कर. खुर्ची सोडून कुठेही खण."

"पण सिस्टर, मेन खांब इथंच येतो ना."

"मग बस. शेंगा खा."

अध्यक्ष आले. कपाळावर घाम, हातात दोन फोन. ते काही बोलायच्या आत सिस्टरांनी विचारलं, "हळद कधी आहे?"

"संध्याकाळी. पण मंडप, लायटिंग..."

"मंडप गोलच्या मागे घाला. तिथे सावलीही चांगली आहे. सामना संपला की सगळं मैदान तुमचं. पोरीला पहिली हळद मी लावते. तिला जगात पहिल्यांदा बघितलं ते मीच, हे विसरलात?"

अध्यक्ष उभे राहिले. त्यांनी मैदानाकडे बघितलं, बांबूंकडे बघितलं. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना भांडायचं होतं. पण त्यांनीही याच मैदानावर उमेदीची वर्षं घालवली होती. ते मुकादमाला म्हणाले, "मागे घ्या रे. गोलच्या मागे."

असा तो सामना झाला. एका गोलच्या मागे पिवळा मंडप, झेंडूच्या माळा, ढोल-ताशावाले लवकर येऊन बसलेले. पाहुणे यायला लागले तसे मैदानाच्या कडेने उभे राहिले. पिवळ्या साड्या, पिवळे कुर्ते. नवरी मुलगी मैत्रिणींबरोबर खुर्च्यांवर उभी राहून बघत होती. इतके प्रेक्षक आमच्या पोरांनी कधी पाहिले नव्हते. पूर्वार्धात सगळेच बावचळल्यासारखे खेळले. मध्यंतरात सिस्टर फक्त एवढंच म्हणाल्या, "लोकांकडे बघू नका. ती हळदीला आलीत."

उत्तरार्धात गोल झाला. कॉर्नरवरून आलेला बॉल, गर्दीत कोणाच्या तरी गुडघ्याला लागून आत. ढोलवाल्यांनी कोणी न सांगता ढोल धरला. त्यानंतर समोरच्यांनी आमच्यावर जो हल्ला चढवला त्याचं वर्णन मला करता येणार नाही, कारण मी बराच वेळ डोळे मिटून घेतले होते. सिस्टरांचं चालू होतं, "धरून ठेवा. धरून ठेवा. सोडायचं नाही." अगदी शेवटी झेंडूने एका उडीत बॉल पोटाशी घेतला आणि तसाच पडून राहिला. शिट्टी वाजली.

मग काय सांगायचं. पोरं, पाहुणे, ढोल, नवरी, सगळं एकत्र. अध्यक्षांना कोणीतरी खांद्यावर घेतलं होतं. त्या गोंधळात त्यांचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, खाली उतरले आणि सिस्टरांजवळ आले. मी शेजारीच होते.

"सिन्नर जिंकलं," ते म्हणाले.

सिस्टरांनी मान हलवली. नाचणाऱ्या पोरांकडे बघत म्हणाल्या, "थांबा जरा. नाचू द्या."

"सांगावं तर लागेल."

"मी सांगते. हे काम माझं आहे."

ताशा थांबला तेव्हा त्या मैदानात गेल्या. पोरांना जवळ बोलावलं. गोड बोलणं नाही, आढेवेढे नाहीत. "आपण जिंकलो," त्या म्हणाल्या. "सिन्नरही जिंकलं. आपण दुसऱ्या गटात उतरलो."

एक पोरगा मातीत बसला. झेंडूने ग्लोव्ह्ज काढले आणि तोंड दुसरीकडे केलं. पाहुण्यांमधला एक जण, त्याला काही नीट कळलं नसावं, तो हसत म्हणाला, "म्हणजे उतरलात, तरी नाचत होता होय?"

"उतरलोय," सिस्टर त्याच्याकडे वळून म्हणाल्या. "आम्हाला कोणी काढलेलं नाही. दुसऱ्या गटातही गोल एवढाच असतो."

झेंडू वळला. डोळे लाल होते, पण आवाज ठीक होता. "सिस्टर, दुसऱ्या गटाचे सामने कधी चालू होत्यात?"

"दिवाळीनंतर. तोपर्यंत बॉल धरायला शीक."

मंडपवाल्यांची गडबड सुरू झाली. उशीर झाला होता. खुर्च्या पुढे सरकल्या, दिवे लागले. पोरांनी जाळी सोडून घडी घातली. मुकादम दोन माणसं घेऊन आला आणि गोलच्या खांबांकडे बोट दाखवत अध्यक्षांना विचारू लागला, "हे काढून टाकू का? आता कशाला लागणार?"

अध्यक्षांनी सिस्टरांकडे बघितलं. हातात हळदीची वाटी घेऊन त्या नवरीची वाट बघत होत्या.

"खांबाला हात लावायचा नाही," अध्यक्ष म्हणाले. "पाट त्याच्याखाली मांडा."

मग झेंडू आणि बाकीच्या पोरांनी मंडपाच्या उरलेल्या माळा आडव्या खांबावर चढवल्या आणि त्या पोरीची हळद गोलमध्ये झाली.